रोडा, कलकत्ता नावाची दुनळी : वय आणि किंमत कशी ठरवायची?

बाराबोअर : घरातल्या बारा बोअरच्या दुनळीचं (परवाना चालू आहे) वय आणि मोल काढायचं आहे. घोडे बाहेर, नळ्यांवर दमास्कसची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडल्याची) नक्षी, मधल्या पट्टीवर ‘आर. बी. रोडा अँड कंपनी, कलकत्ता’. नळ्यांच्या पोटाशी मुकुटाखाली एकमेकांवर आडवे राजदंड आणि बी-पी-सी. शंकरपाळ्याच्या चौकटीत १२ आणि त्याखाली सी. बाजूला ‘चोक’ आणि १३. ‘नायट्रो प्रूफ’ कुठेच नाही.

शिक्केवाचक : नाव विक्रेत्याचं आहे, बंदूक बर्मिंगहॅमची. राजदंड आणि बी-पी-सी हा तिथल्या प्रूफ हाऊसचा (जादा दारू भरून नळ्या तपासणाऱ्या संस्थेचा) १८१३ पासूनचा शिक्का. १९०४ मध्ये तो बदलला आणि मुकुटाखाली बीपी, बीव्ही आले. शंकरपाळं आणि ‘चोक’ हे शब्दचिन्ह १८८७ चं. त्याआधी, १८७५ पासून, चोक नळीवर (तोंडाशी अरुंद केलेल्या नळीवर) ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे ‘एकसंध गोळीसाठी नाही’, असं लिहीत. म्हणजे १८८७ ते १९०४. नायट्रो प्रूफची (धूरविरहित दारूसाठी तपासल्याची) खूण १८९६ ला आली, पण ती नाही म्हणून बंदूक त्याआधीची ठरत नाही. काळ्या दारूसाठीच तपासलेल्या बंदुका नंतरही निघत होत्या. बाहेरच्या घोड्यांवरूनही वय काढू नका, ॲन्सन-डीली यांचं बिनघोड्याचं पेटंट १८७५ चं असलं तरी घोड्यांच्या बंदुका पुढे कित्येक वर्षं बनत राहिल्या.

जुनीनळी : किंमत नळ्यांच्या आत आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, फोरएंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) काढा, नळ्या वेगळ्या करा. खालच्या हुकात दोरी घालून टांगा आणि लाकडाने हलकेच टिचकी द्या : घंटेसारखा नाद हवा. बद्द आवाज आला तर पट्टीचं झाळकाम सुटलेलं असतं.

मग बोअर गेजने मागच्या टोकापासून ९ इंचांवर माप घ्या. शिक्क्यातला १३ हा नळीच्या पोकळीचा बोअर, म्हणजे .७१० इंच. आज .७२९ भरलं तर गंज काढायला कोणीतरी नळी आतून घासली आहे आणि प्रूफ संपलं आहे. भिंतीची जाडी वेगळ्या गेजने मोजा; सर्वात पातळ जागी ०.०२० इंचाखाली असेल तर ती दाखवायची वस्तू, झाडायची नव्हे.

आजची धूरविरहित काडतुसं यात घालूच नका. शिवाय चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग) बहुधा अडीच इंची. पावणेतीन इंची काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो.

पॉलिश, नवं काळं रंगकाम, बदललेला दस्ता यांनी मोल पडतं. नळ्या, ॲक्शन (मधला यंत्रणेचा भाग) आणि फोरएंडवरचे क्रमांक जुळतात का, ते पाहा.

बाराबोअर : १३ चा शिक्का, आतलं माप .७१२. क्रमांक तिन्ही जुळतात.

जुनीनळी : छान, नळ्या मूळच्याच आहेत. आता भिंत मोजा. नामांकित लंडन कारागिराची बंदूक असती तर नोंदवहीतून पहिला गिऱ्हाईकही कळला असता. विक्रेत्याच्या नावाच्या बंदुकीला तो आधार नसतो, म्हणून स्थितीवरच भाव ठरतो.

नियमपाहा : ‘जुनी आहे, परवाना नको’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मधली सूट दुरुस्त करूनही झाडता न येणाऱ्या शस्त्रालाच आहे. ही बंदूक झाडता येते. विक्री परवानाधारकालाच. आणि शंभर वर्षं ओलांडलेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, त्यामुळे परदेशी लिलावाचे भाव पाहून बाहेर पाठवायचा विचार करू नका.