पणजोबांचं मूळ गाव शोधायचंय, निजामाच्या काळातले कागद कुठं आणि कसे बघायचे? (लातूर / बिदर)

मांजराकाठची

नमस्कार मंडळी, आमचं घर औसा तालुक्यातलं, मी नोकरीमुळं सध्या पुण्यात. माझ्या पणजोबांबद्दल, म्हणजे आजोबांच्या वडिलांबद्दल, शोधायलेय पण सुरुवात कुठून करावी तेच कळंना. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. आजी आहे, पंच्याऐंशीच्या पुढं, कमी ऐकू येतं पण आठवण पक्की. ती म्हणते, "मामंजी औरादहून आले, बिदर जिल्हा, रझाकाराच्या आधी. एक भाऊ तिकडंच राहिला." बस, एवढंच. आता घरात दोन मतं. चुलते म्हणतात औराद म्हणजे कर्नाटकातलं, बिदर जिल्ह्यातला तालुका. बाबा म्हणतात नाही, आपल्या निलंगा तालुक्यातलं औराद शहाजानी, पण मग आजी बिदर जिल्हा का म्हणते याचं उत्तर त्यांच्याकडं नाही.

ट्रंकेत एक उर्दू कागद सापडलाय, पातळ, घडीवर फाटलेला, वर गोल शिक्का. घरात कुणालाच वाचता येत नाही. कुठल्या सर्टिफिकेटसाठी नाही हो विचारत. त्या भावाची लेकरंबाळं, नातवंडं कुठंतरी असतीलच ना, एका रक्ताची माणसं आणि एकमेकांची नावंसुद्धा माहीत नाहीत हे मला बरं वाटत नाही. आजी आहे तोवर काही कळलं तर फार बरं होईल. ज्यांनी असं शोधलंय त्यांनी प्लीज सांगा.

उदगीरकडचा

ताई, तुमचे बाबा आणि आजी दोघं एकाच वेळी बरोबर असू शकतात. निजामाच्या राज्यात उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तिन्ही तालुके बिदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले, आणि लातूर जिल्हा तर १९८२ चा. म्हणजे आजीच्या सासऱ्यांच्या तोंडी औराद शहाजानी पण "बिदर जिल्हा"च असणार. दोन्ही औराद तेव्हा एकाच जिल्ह्यात, म्हणून नुसत्या जिल्ह्यावरून काही ठरवू नका, तालुका कुठला हे शोधा. आमच्या इकडच्या लई घरांत हाच घोळ आहे, नांदेडकडं पण. मुधोळ, भैंसा आधी नांदेड जिल्ह्यात होतं, ५६ ला तिकडं आंध्रात गेलं, आता तेलंगणात. किनवट उलट आदिलाबादचं, ते इकडं आलं.

जुना_सज्जा

महसूल खात्यात नोकरी झाली माझी, आता रिटायर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आधी एक विचारतो, पणजोबांच्या नावावर औसा तालुक्यात जमीन होती का? असेल तर तिथूनच उलटं मागं जायचं, डायरेक्ट औरादला जाऊन काही हाती लागत नाही.

मराठवाड्यात सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे १९५४-५५ चं खासरा पत्रक. प्रत्येक सर्व्हे नंबरला पट्टेदार कोण, प्रत्यक्ष कब्जात कोण, ते त्यात असतं. ते तहसीलच्या रेकॉर्ड रूमला मिळतं, साधा नकलेचा अर्ज करायचा, गाव आणि सर्व्हे नंबर लिहायचा. नंबर माहीत नसेल तर आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार नंबर धरत मागं मागं जा, आजकाल जुने सातबारे नि फेरफार काही तालुक्यांचे ऑनलाईन पण आहेत, आपले अभिलेख म्हणून सरकारी साईट आहे. खासऱ्याच्या मागं जायचं असेल तर सेतवार, म्हणजे जुन्या मोजणीची सर्व्हे नंबरवार नोंदवही, मागायची, ती भूमी अभिलेखला म्हणजे आपल्या मोजणी ऑफिसला बघायची. पट्टा एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेला असेल तर त्या त्या सालची फैसल पट्टी.

आता तुमचे पणजोबा बाहेरून आलेले, म्हणजे बहुतेक आधी कुणाच्या तरी रानात सालानं किंवा बटईनं राहिले असणार. तसं असेल तर कुळांचं रजिस्टर बघायला विसरू नका. हैद्राबादचा कूळकायदा १९५० चा, त्यात संरक्षित कुळांची रजिस्टरं झाली. पट्टेदार म्हणून ज्या गरीब माणसाचं नाव कुठंच नाही त्याचं नाव तिथं सापडतं, हे मी स्वतः पुष्कळ वेळा बघितलंय.

आणि पणजी कोण होत्या हे कुणी विचारत नाही, तुम्ही विचारा. जुन्या दप्तरात बायकांची नावं फार कमी, पण नवरा लवकर वारला आणि लेकरं लहान असली की वारसाच्या फेरफाराला "अ.पा.क. आई" असं लिहून पुढं तिचं नाव येतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कित्येक घरांत पणजीचं नाव सरकारी कागदावर आलेली ती एकच जागा असते.

शाळेचा दाखल-खारीजचा उतारा पण काढा आजोबांचा, फक्त त्यातल्या जन्मतारखेवर जाऊ नका. १ जून लिहिलेलं असेल तर ती गुरुजींनी लावलेली तारीख. खरं वय पाहिजे असेल तर आजीला साल विचारू नका, मानमोडीच्या साथीच्या आधी का नंतर (ती १९१८ ची), रझाकाराच्या वेळी कोण कडेवर होतं, कुणाचं लग्न झालेलं होतं, असं विचारा. तिला बरोबर सांगता येतं.

कंधारी_वाचक

सलाम ताई. त्या उर्दू कागदाचा फोटो टाका, मी वाचायचा प्रयत्न करतो. माझे वडील उर्दू शाळेत शिक्षक होते, जुनं शिकस्ता म्हणजे घाईचं, जोडून लिहिलेलं अक्षर त्यांच्याकडूनच शिकलो. फोटो काढताना फ्लॅश नको, दिवसाच्या उजेडात दाराजवळ सपाट ठेवून, घडीवर काच ठेवा, चिकटपट्टी अजिबात लावू नका, तिनं कागद पिवळा पडून शाई उडते. शिक्क्याचा वेगळा फोटो घ्या, जवळून.

तोवर एवढं लक्षात ठेवा. निजाम सरकारात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू आली, त्यामुळं तालुक्याचं, जिल्ह्याचं काम उर्दूत. गावातल्या पटवाऱ्याचं दप्तर मात्र बऱ्याच ठिकाणी मोडी लिपीत. आडनाव शोधत बसू नका, बहुतेक कागदांत ते नसतंच. "अमुक वल्द तमुक" असं असतं, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, आणि पुढं "साकिन" आलं की त्याच्यापुढचं गाव हे त्या माणसाचं राहायचं गाव. तुम्हाला हाच शब्द शोधायचाय.

साल फसली असणार, म्हणजे निजाम सरकारचं महसुली साल. त्यात ५९० मिळवा की इंग्रजी साल येतं. फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीपासून पुढचा महिना असेल तर ५९१. रकमेच्या जागी आकडे न दिसता वेलबुट्टीसारखं काही दिसलं तर घाबरू नका, ती सियाक पद्धत आहे हिशोबाची, ती पण थोडीफार लागते मला.

पुणे_टू_परभणी

डीएनए टेस्ट करा की, आजकाल घरी किट येतं, ऑनलाईन फॅमिली ट्री पण बनतं.

जुना_सज्जा

त्यानं गाव कळणार नाही दादा. तिकडच्या भावकीतल्या कुणी तीच टेस्ट केलेली असेल तरच जुळणार, आणि औरादला कुणी केली असंल असं मला वाटत नाही. आधी कागद.

बीडची_लेक

कागद बघाच, पण आजीला अजून काही गोष्टी विचारा, आमचं मूळ गाव आम्हाला अशानंच सापडलं.

पहिलं म्हणजे सुतक. घरात मयत झाली की पूर्वी कुठल्या कुठल्या गावाला सांगावा धाडायचे? कुणाच्या मरणाचं सुतक तुमच्या घरात धरलं जायचं? ज्यांचं सुतक धरलं ती भावकी, मग ती कितीही लांब असू दे. लग्नाची मूळ चिठ्ठी कुणाला जायची हे पण विचारा. नाती तुटली तरी हे बायकांच्या लक्षात असतं, कारण सुतक पाळायचं काम त्यांच्याच मागं असायचं.

दुसरं म्हणजे भाट. आमच्याकडं भाट यायचा, वही घेऊन, पिढ्या वाचून दाखवायचा आणि नवीन जन्मलेल्या पोरांची नावं लिहून न्यायचा. कर्नाटकाच्या बाजूनं हेळवी येतात, त्यांचं पण तेच काम. तुमच्या घरी कोण यायचं आणि कुठल्या गावाहून, ते आजीला माहीत असणार. तुळजापूरला तुमचा पुजारी ठरलेला आहे का? त्यांच्या वह्यांत यजमानांची नावं गावासकट असतात. पणजोबांच्या नंतर कुणी नाशिक-त्र्यंबकला पिंड घालायला गेलं असेल तर तिथल्या उपाध्यांच्या वहीत पण असतं, मूळ गाव सांगितलं की ते पानं काढतात.

आणि सगळ्यात सोपं, आज रात्रीच करा, घरातली जुनी पितळेची तांब्याची भांडी उलटीसुलटी करून बघा. घागर, परात, हंडा, काठावर टिंबाटिंबानं नाव घातलेलं असतं, कुणी दिलं आणि कुठल्या गावाचं. कितीतरी घरांनी ही भांडी मोडीत घातली आणि त्याबरोबर नावं गेली, मला त्याचं फार वाईट वाटतं. चिंच लावून घासा, मग अक्षरं उठतात.

मांजराकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगंल असं वाटलं नव्हतं. गावी जाऊन आले.

आजीला परातीचं विचारलं तर म्हणाली माळ्यावर एक आहे, सासूबाईंची. काढली, काळी ठिक्कर. घासल्यावर काठावर नाव उठलं, पणजीचं नाही पण तिच्या वडिलांचं, आणि पुढं "कासार सिरसी". आजी एकदम म्हणाली, "हां, माहेर सिरसी व्हतं त्यांचं," म्हणजे माहीत होतं पण कुणी कधी विचारलंच नाही! कासार सिरसी निलंगा तालुक्यातलंच ना. सुतकाचं विचारलं तर म्हणाली, "औरादची चिठ्ठी यायची, बहात्तरच्या दुष्काळापतूर येत व्हती, मग बंद झाली."

कागदाचा फोटो कंधारच्या दादांना पाठवलाय, ते लिहितीलच.

कंधारी_वाचक

वाचला ताई. ही सारा भरल्याची पावती आहे. मौजा औराद, तालुका निलंगा, जिल्हा बिदर, स्वच्छ लिहिलंय. महिना खुरदाद, साल १३५१ फसली, म्हणजे एप्रिल १९४२ च्या आसपास. रक्कम हाली रुपयात, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या चलनात. आता महत्त्वाचं, पावतीवर नाव तुमच्या पणजोबांचं नाही. तुम्ही मेसेजमध्ये त्यांच्या भावाचं जे नाव सांगितलं होतं तेच आहे, आणि "वल्द" च्या पुढं त्यांच्या वडिलांचं नाव. म्हणजे खापरपणजोबांचं नाव पण मिळालं तुम्हाला, एक पिढी अजून मागं गेलात. नाव इथं उघड लिहीत नाही, मेसेज बघा.

उदगीरकडचा

म्हणजे औराद शहाजानीच! बाबांना सांगा पेढे काढा म्हणावं. आता औसा सोडा, निलंग्याला जा, औरादचं खासरा पत्रक त्या भावाच्या नावानं बघा. तिथल्या जुन्या दप्तरातलं काही सापडलं नाही तर बिदरला पण विचारून बघा, ५६ पर्यंत जिल्ह्याचं ऑफिस तेच होतं. आणि २०२३ ला न्या. शिंदे समितीच्या वेळी मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी जुनं दप्तर तपासलं गेलं, त्यातल्या बऱ्याच नोंदी जिल्ह्यांच्या वेबसाईटवर आहेत. तुम्हाला सर्टिफिकेट नको असलं तरी गावाचं पान उघडून नावं चाळायला काय हरकत आहे.

मांजराकाठची

मेसेज वाचला, बाबांना फोन करून नाव सांगितलं तर ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, हेच नाव आजोबांनी माझ्या मोठ्या चुलत्याला ठेवलं होतं, का ठेवलं ते आत्ता कळलं.

आता एक शेवटचं विचारते. खासऱ्यात नाव सापडलं, सर्व्हे नंबर सापडला, तर आज ते रान ज्यांच्याकडं आहे त्यांच्या दारात जायचं कसं? आम्ही वाटणी मागायला आलो असं त्यांना वाटलं तर? मला तीच एक भीती वाटायलीय.

जुना_सज्जा

भीती खरी आहे. जुने उतारे हातात घेऊन कुणी अनोळखी दारात आलं की माणसं घाबरतात, आणि का घाबरू नयेत, असल्या कागदावरून कोर्टात वर्षानुवर्षं घालवलेली घरं मी बघितलीत. म्हणून पहिल्या खेपेला एकही महसुली कागद सोबत नेऊ नका. सर्व्हे नंबर तर तोंडातून काढूच नका. पहिल्या वाक्यातच सांगा की जमिनीसाठी आलो नाही, नातं बघायला आलो. पाहिजे तर घरच्या चौघांनी मिळून तसं लिहून द्यायची तयारी ठेवा.

बीडची_लेक

आणि आजीला नेता आलं तर गाडी करून न्या. पोरीबाळींपेक्षा म्हाताऱ्या माणसाशी लोक लवकर बोलतात. थेट घरी जाण्याआधी मारुतीच्या पारावर बसा, गावातल्या सगळ्यात जुन्या माणसाला भावाचं नाव सांगा, तोच घर दाखवंल आणि ओळख पण करून देईल. परात सोबत न्या ताई, उतारा नको पण परात न्या. सुगीत जाऊ नका, सगळे रानात असतात. गावची जत्रा कधी असते ते आधी विचारून घ्या, तेव्हा पुण्यामुंबईला गेलेली पोरं पण गावात येतात, अख्खी भावकी एका दिवसात भेटंल.

मांजराकाठची

आजी तयार आहे, "माझं लुगडं काढून ठेवा" म्हणाली. बाबा जत्रेची तारीख विचारायलेत. खासऱ्याच्या नकलेचा अर्ज पण सोमवारी निलंग्याला देतेय, पण तो कागद घरीच राहील.