बोटीवर रात्री कोणीतरी चढतंय, मदत हवी आहे

वाशिष्ठीकाठ: परत झालं. सकाळी भाऊ बोटीवर गेला तर केबिनचं कुलूप तोडलेलं, दोन्ही बॅटऱ्या गायब, टाकीतलं डिझेल पाइप घालून ओढून नेलेलं. मागच्या वेळी जीपीएस गेला. मी पुण्याला, तिकडे भाऊ एकटा सगळं बघतो. खरंच चालणारा अलार्म कुणाला माहीत असेल तर सांगा, शनिवारी गावाला जातोय, जाताना घेऊनच जाईन.

सोलरप्रेमी: सिम टाकायचा सोलर कॅमेरा बसवा. आमच्या शेतावर बोअरच्या मोटरला लावलाय, माणूस दिसला की मोबाईल वाजतो. मोटरीला कुणी हात लावला नाही अजून.

हर्णैकर: दादा, आधी बोटीचं सांगा. लाकडी की फायबर? आउटबोर्ड की आतलं इंजिन? जेटीला असते की नांगरावर? बंदर कुठलं?

वाशिष्ठीकाठ: फायबर, आत डिझेल इंजिन. दाभोळपासून खाडीत आत. जेटी नाही आमच्याकडे, नांगरावरच असते. अलार्मचं सांगा ना कुणीतरी.

घरचा_वैद्य: बोटीवर चढतात ते बहुतेक दोरावरून. दोराला पत्र्याची गोल थाळी भोक पाडून अडकवायची, मोठ्या जहाजांनाही असते, उंदीर पुढे जाऊच शकत नाही. जाळी कुरतडणं बंद होईल.

हर्णैकर: अहो उंदीर बॅटऱ्या नेत नाहीत. @सोलरप्रेमी, शेतातली मोटर जागची हलत नाही. बोट भरती-ओहोटीला नांगराभोवती फिरते, कॅमेऱ्यापुढून अख्खी खाडी फिरणार आणि मोबाईल रात्रभर वाजणार. वर खाऱ्या हवेने काच धुरकट होते ती वेगळीच. त्यापेक्षा केबिनच्या दाराला साधा चुंबकी स्विच आणि मोठा भोंगा लावा, दार उघडलं की बोंबलला पाहिजे. त्याची बॅटरी मात्र वेगळी आणि लपवलेली ठेवा, नाहीतर चोर आधी तीच काढेल.

सोलरप्रेमी: हल्ली कॅमेऱ्याला फक्त माणूस ओळखायची सोय असते, तुम्ही जुना बघितला असेल.

मस्कतनिवासी: मी मालवाहू जहाजावर आहे. एडनच्या आखातातून जाताना आम्ही कठड्याला काटेरी तार गुंडाळतो आणि पाण्याचे फवारे चालू ठेवतो. तुम्हीही कडेने तार लावा, कोणी हात घालणार नाही.

दर्याबाय: आणि जाळं कुठून ओढायचं? पहिल्याच फेरीला जाळं फाटेल आणि खलाशाचा हात. मासेमारीच्या बोटीवर असलं काही लावू नका हो, कळकळीने सांगते. आमच्याकडे दोन खलाशी आळीपाळीने बोटीवर झोपतात, तेच बरं.

हर्णैकर: खलाशी मे संपता संपता गावाला जातात. १ जून ते ३१ जुलै बंदी, तेव्हा कोण झोपणार? आणि एकट्या माणसाला चार जणांसमोर ठेवायचं, बॅटरीसाठी जीव घालवायचा का?

दर्याबाय: एकट्याला ठेवा म्हटलंच नाही मी. बंदीत बोट वर ओढून शाकारतात, तो विषय वेगळा.

कायद्याने_चला: तक्रार दिलीत का? इंजिन नंबर, बॅटऱ्यांचे नंबर, नोंदणीचे कागद घेऊन फिर्याद द्या, विमा असेल तर त्याशिवाय काही मिळणार नाही. सागरी पोलिसांचा १०९३ गावात सगळ्यांकडे हवा. अनोळखी माणसं बोटीवर चढणं म्हणजे निव्वळ चोरी समजू नका, २००८ मध्ये मुंबईत आलेले अतिरेकी ‘कुबेर’ ही पळवलेली मच्छीमार बोटच घेऊन आले होते.

पारंपरिक_मच्छीमार: खरे चोर एलईडीवाले, रात्री दिव्यांच्या झोताने मासळी गोळा करून पकडणारे. २०१७ पासून केंद्राची बंदी आहे तरी रात्री समुद्रात दिवाळी असते, त्यावर धागा काढा कोणीतरी. आमच्या वाट्याला मासळी उरत नाही ते कुणाला दिसत नाही.

जुना_तांडेल: तो विषय मोठा आहे, पण इथे नको. वाशिष्ठीकाठ, मला एकच सांगा, चोर बोटीपर्यंत आले कसे? होडी होती का त्यांच्याकडे? डेकवर काही खुणा?

वाशिष्ठीकाठ: चिखलाचे पाय होते सगळीकडे, केबिनच्या पायरीपासून टाकीच्या झाकणापर्यंत, भाऊ तासभर धूत होता. होडीचं माहीत नाही. ओहोटीला आमच्याकडे सगळ्यांच्याच बोटी चिखलात बसतात.

जुना_तांडेल: हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं. म्हणजे माणसं चालत येतायत. चोरी झाली ती तिथी कुठली?

वाशिष्ठीकाठ: तारीख बघावी लागेल. पण आईची एकादशी होती, उपासाचं चाललेलं तेव्हाच भावाचा फोन आला. जीपीएस गेला तेव्हाही एकादशी-द्वादशीच असावी.

जुना_तांडेल: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. अकराला पाऊण म्हणजे सव्वाआठची भरती, त्यावर सहा तास धरा, रात्री दोन-सव्वादोनला पूर्ण ओहोटी. द्वादशीला तीन. गाव गाढ झोपेत आणि बोट कोरडी. अष्टमीलाही ओहोटी रात्री बाराच्या सुमारास येते, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी फारसं उतरत नाही, बोट तरंगत राहते. येणाऱ्याला खाडी माहीत आहे, बाहेरचा माणूस हे गणित करत नाही. कुणावर बोट दाखवू नका, पण शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत दशमी ते त्रयोदशी चार-पाच जणांनी मिळून काठावर जागा. बॅटऱ्या तेवढ्या रात्री घरी आणा. आणि जमलं तर बोट खोल पाण्यात न्या, ओहोटीलाही तरंगली पाहिजे, मग चालत कोणी येत नाही.

हर्णैकर: पटलं. खोल पाण्यात दोर मात्र लांब सोडा, भरतीच्या खोलीच्या निदान पाचपट, आणि दोन नांगर. येण्याजाण्याच्या वाटेत नको, बंदर निरीक्षकांना विचारून जागा ठरवा, रात्री दिवा लावा. जायची लहान होडी काठावर साखळीने बांधा, वल्ही घरी. टाकीच्या झाकणाला कुलूप.

सोलरप्रेमी: आणि टाकी रिकामीच ठेवा.

हर्णैकर: रिकाम्या टाकीत दमटपणाने पाणी धरतं, पुढे इंजिन त्रास देतं. कुलूप लावा.

वाशिष्ठीकाठ: भावाशी बोललो. आमच्या वाडीतल्या आणखी दोघांचं डिझेल त्याच रात्री गेलं होतं, ते बोललेच नव्हते. फिर्याद तिघं मिळून देतो. खोल जागा आहे पण तळ रेतीचा आहे, आत्ताचा नांगर चिखलातला, तो धरेल का? @जुना_तांडेल

जुना_तांडेल: नांगराचा फोटो टाका, वजन किती तेही सांगा. आणि नांगर ते दोर मधे साखळी आहे का?