शब्दचर्चा : १०^−२६ मराठीत वाचायचं कसं?

अनुवादक

नमस्कार. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रेडिओ दुर्बिणीवरचे फलक मराठीत करते आहे. आमच्या मुलांनी जुन्नर तालुक्यातल्या खोडदची दुर्बीण पाहिली आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या तीस थाळ्यांबद्दल ती अजून बोलत असतात, म्हणून विषय तोच घेतला. एका फलकावर 'जॅन्स्की' हे एकक आलं. आकाशातल्या स्रोतांकडून आपल्यापर्यंत पोचणारी रेडिओ ऊर्जा या एककात मोजतात. १ जॅन्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १०^−२६ वॅट. (इथे घातांक वर चढवता येत नाही, म्हणून ^ हे चिन्ह वापरते आहे.)

फलक मुलंच वाचून दाखवणार आहेत. सरावात सातवीतली एक मुलगी 'दहाचा उणे सव्विसावा घात' असं वाचताना दोनदा अडखळली आणि मग तिने मला विचारलं, "बाई, घात म्हणजे वाईट ना?" मला नीट उत्तर देता आलं नाही. शिवाय संख्या लिहिण्याच्या या पद्धतीला मराठीत काय म्हणावं तेही ठरत नाही. 'वैज्ञानिक लेखन' लिहिलं तर विज्ञानावरचे लेख असा अर्थ होतो. 'वैज्ञानिक संकेतन' हिंदीतून उचलल्यासारखं वाटतं, आणि मुलांना 'संकेत' म्हणजे खूण एवढंच माहीत. जाणकारांनी मदत करावी.

निवृत्त गणित शिक्षक

ताई, त्या मुलीने फार चांगला प्रश्न विचारला आहे. तिला सांगा, शब्द तोच आहे, धातूही तोच, 'हन्'. हन् म्हणजे मारणे, ठोकणे. पण संस्कृत गणितात याच धातूपासून गुणाकाराचे शब्द झाले: हनन, वध, घात. भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ. स. ११५०) वर्गाची व्याख्या दिली आहे ती अशी: 'समद्विघातः कृतिरुच्यते'. दोन समान संख्यांचा घात, म्हणजे गुणाकार, तो वर्ग. आणि घनाची: 'समत्रिघातश्च घनः प्रदिष्टः'. तीन समान संख्यांचा घात तो घन. म्हणजे 'दहाचा पाचवा घात' म्हणताना आपण पाच दहांचा एकमेकांशी गुणाकार म्हणत असतो. विश्वासघातातला घात आणि हा घात एकाच घरात जन्मले, पुढे वाटा वेगळ्या झाल्या.

आता वाचण्याबद्दल. 'आठवा घात' चालतं, कारण आठ वेळा गुणल्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. 'उणे सव्विसावा' मात्र मराठी कानाला रुचत नाही, आणि रुचू नये हेच बरोबर. पहिला, दुसरा, तिसरा ही क्रमवाचक रूपं मोजून दाखवता येतील अशा गोष्टींसाठी आहेत. उणे सव्विसावा असा कुठला क्रम नसतो. तिथे घातांकालाच पुढे करावं: 'दहाचा घातांक उणे सव्वीस'. फळ्यासमोर मी धन घातांकाला 'आठवा घात' आणि ऋण घातांकाला 'घातांक उणे सव्वीस' असंच म्हणत आलो. दोन्हीकडे एकच रूप हवं असेल तर दुसरं घ्या, ते कुठेही अडत नाही.

आणि आधीचा आकडाही मराठीतच वाचा. १.५ × १०^८ हे 'एक पॉइंट पाच' कशाला? 'दीड गुणिले दहाचा आठवा घात'. सूर्य आपल्यापासून तेवढे किलोमीटर दूर आहे, म्हणजे पंधरा कोटी. पूर्वी मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी पाठ करायची. साडेतीनला 'औट' असा स्वतंत्र शब्द असलेली भाषा आहे आपली. तिने दशांश अपूर्णांकासमोर बिचकायचं काही कारण नाही.

मुद्रितशोधक

सरांचं 'घातांक उणे सव्वीस' मला पूर्ण पटलं. मी वीसेक वर्षं विज्ञानाच्या मजकुराची मुद्रितं तपासतो आहे. लिहिण्याच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण फलक छापताना तुम्हालाही ती भोवू शकते.

एका पुस्तकात वाक्य होतं: १८ ग्रॅम पाण्यात ६.०२२ × १०^२३ रेणू असतात. मजकूर एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये गेला आणि वरचा छोटा २३ खाली उतरून शेजारी येऊन बसला. छापून आलं: '६.०२२ × १०२३ रेणू'. गुणाकार करून पाहा, सहा हजार एकशे साठ येतात. घोटभर पाण्यात सहा हजार रेणू! वाचणाऱ्या मुलाला चूक कळायला काहीच वाव नाही, कारण वाक्य दिसायला निर्दोष आहे. ती प्रत माझ्याच हातातून गेली होती आणि ते पान मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. तेव्हापासून माझा नियम झाला आहे: घातांकी संख्या आली की शेजारी एकदा ती शब्दांत लिहायचीच. आकडा घसरला तरी शब्द तसा घसरत नाही.

देवनागरी आकड्यांची आणखी एक अडचण म्हणजे संगणकाच्या अक्षरसंचात इंग्रजी अंकांची (1, 2, 3) वर चढलेली छोटी रूपं वेगळी दिलेली आहेत, देवनागरी अंकांची तशी नाहीत. सामवेदाच्या स्वरांकनासाठी अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक आहेत, पण ते त्या कामाचे, आपल्या नाही. म्हणजे छापताना आकडा हातानेच लहान करून वर चढवावा लागतो, आणि मजकूर हलला की तो पडतो.

नावासाठी मी 'दशघाती मांडणी' सुचवतो. पाया दहा, घात त्याचे, आणि 'मांडणी' हा गणिताच्या वहीतला रोजचा शब्द.

निवृत्त गणित शिक्षक

'मांडणी' उत्तम. 'दशघाती'ला मात्र माझी हरकत आहे, आणि ती वर मीच दिलेल्या व्याख्येमुळे. समद्विघात म्हणजे दोनांचा गुणाकार, समत्रिघात म्हणजे तिघांचा. त्या चालीने दशघात म्हणजे दहा समान संख्यांचा गुणाकार, दहावा घात. तुम्हाला म्हणायचं आहे 'दहाचा घात', आणि शब्द सांगेल 'दहावा घात'. दोन्ही अर्थांत दहा असल्यामुळे ही चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मुद्रितशोधक

खरं आहे सर. मागे घेतो. मग 'घातांकी मांडणी'. पाया दहा आहे हे मांडणीतच दिसतं, नावात सांगायची गरज नाही.

अनुवादक

'घातांकी मांडणी' मला आवडलं. मुलांना लगेच कळेल. आता एक शंका मोठ्या संख्यांची. दुसऱ्या एका फलकावर १०^११ आलं आहे. मी 'निखर्व' लिहिलं होतं. सहकारी शिक्षिका म्हणाल्या की ते 'खर्व' हवं, त्यांनी हिंदी पुस्तकात पाहिलं आहे.

निवृत्त गणित शिक्षक

तुमचं बरोबर आहे, आणि त्याही चुकलेल्या नाहीत. लीलावतीतला श्लोक हा आपला आधार:

'एकदशशतसहस्रायुतलक्षप्रयुतकोटयः क्रमशः । अर्बुदमब्जं खर्वनिखर्वमहापद्मशङ्कवस्तस्मात् ॥ जलधिश्चान्त्यं मध्यं परार्धमिति दशगुणोत्तराः संज्ञाः । सङ्ख्यायाः स्थानानां व्यवहारार्थं कृताः पूर्वैः ॥'

अठरा स्थानं, प्रत्येक आधीच्याच्या दसपट. अब्ज १०^९, खर्व १०^१०, निखर्व १०^११, महापद्म १०^१२, आणि शेवटी परार्ध १०^१७. मराठी शाळांत 'एकं दहं शतं सहस्र' म्हणत पाठ केलेली उतरंड हीच, फक्त अयुताचं दशसहस्र, प्रयुताचं दशलक्ष आणि अर्बुदाचं दशकोटी झालं. हिंदीत मात्र अब्जाचा 'अरब' १०^९ वरच राहिला आणि पुढची नावं शंभर-शंभर पटींनी गेली: खरब १०^११, नील १०^१३, पद्म १०^१५, शंख १०^१७. म्हणजे आपला खर्व आणि त्यांचा खरब यांच्यात एका घराचा फरक. हिंदीतल्या खरबाचा मराठीत खर्व केला की रक्कम परस्पर दहाव्या हिश्श्यावर येते.

आणखी मागे गेलात तर शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेतही अशीच यादी आहे. तिच्यातही शेवटचं नाव परार्धच, पण ते तेराव्या स्थानावर, म्हणजे १०^१२. तिथे मध्य आधी आणि अंत नंतर. लीलावतीत अन्त्य आधी आणि मध्य नंतर. शब्द तेच, घरं बदललेली.

श्लोकातला शेवटचा चरण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: 'व्यवहारार्थं कृताः पूर्वैः'. ही नावं पूर्वीच्या लोकांनी व्यवहारासाठी केली. व्यवहार जिथपर्यंत, तिथपर्यंत नाव. आजच्या मराठी व्यवहारात अब्जाच्या पुढे कुणी जात नाही. अर्थसंकल्पाच्या बातमीतही 'लाख कोटी' असतं, महापद्म नसतं. संख्या एकच, १०^५ गुणिले १०^७ म्हणजे १०^१२. म्हणून फलकावर निखर्व लिहू नका. 'दहा हजार कोटी' लिहा, शेजारी १०^११.

जर्मनीहून एक वाचक

सरांच्या मुद्द्याला इथला दाखला जोडतो. जर्मनमध्ये १०^९ ला 'मिलियार्डे' म्हणतात आणि 'बिलिओन' म्हणजे १०^१२. इंग्रजीतला बिलियन १०^९. ब्रिटनमध्येही पूर्वी बिलियन १०^१२ होता. १९७४ मध्ये सरकारने १०^९ हा अर्थ स्वीकारला. म्हणजे जुन्या ब्रिटिश पुस्तकातून मराठीत अनुवाद करताना सालही पाहावं लागतं. घरी मुलगी शाळेतून जर्मन शब्द आणते, मी कामावर इंग्रजी वापरतो, आजीशी फोनवर लाख-कोटी. तिघांना एकच गोष्ट सांगायची तर शेवटी कागदावर दहा लिहून वर नऊच काढावा लागतो.

मुद्रितशोधक

आपल्या नावांचं एक वेगळेपण इथेच दिसतं. हजार ३, लाख ५, कोटी ७, अब्ज ९: आपण हजारानंतर दोन-दोन घरं चढतो. किलो, मेगा, गिगा ही एककांची उपपदं तीन-तीन घरं चढतात. मेगाला आपल्याकडे सुटं नाव नाही, 'दशलक्ष' असं जोडून म्हणावं लागतं. गिगाला मात्र अब्ज तंतोतंत बसतो. खालच्या बाजूला नॅनोसाठी 'अब्जांश' म्हणूनच सहज जमतो. मायक्रोला 'दशलक्षांश'.

संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्यात बारा आकडी क्रमांक टाकला की तो १.२३४५७ई+११ असा दिसतो, तीसुद्धा घातांकी मांडणीच. तो 'ई' म्हणजे 'गुणिले दहाचा घातांक'. एका संस्थेच्या यादीत सोळा आकडी खातेक्रमांक असेच झाले होते आणि प्रत्येकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसला होता, कारण तक्ता पंधराच अंक लक्षात ठेवतो. खातेक्रमांक हा मजकूर असतो, संख्या नसते. तो आधी मजकूर म्हणून टाकायचा.

अनुवादक

सगळ्यांचे मनापासून आभार. फलकाचा मजकूर असा केला आहे:

'१ जॅन्स्की = दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १०^−२६ वॅट. वाचा: दहाचा घातांक उणे सव्वीस. म्हणजे दशांश चिन्हापुढे सव्वीस शून्यं आणि मग एक.'

निवृत्त गणित शिक्षक

थांबा ताई, पंचवीस शून्यं. १०^−१ म्हणजे ०.१, दशांश चिन्हापुढे एकही शून्य नाही. १०^−२ म्हणजे ०.०१, एक शून्य. घातांक सांगतो तो घराचा क्रमांक, शून्यांची संख्या नाही. सव्विसाव्या घरात १ बसतो, म्हणून त्याच्या आधीची पंचवीस घरं शून्यांची. ही चूक मी पेपर तपासताना जितकी पाहिली तितकी दुसरी कुठलीच नाही, आणि ती 'शून्यं मोजा' असं शिकवल्यामुळे होते. मोठ्या संख्येत १०^८ ला आठ शून्यं असतात, तीच सवय खाली उतरताना नडते. 'एककाच्या घरापासून पुढची घरं मोजा' म्हटलं की दोन्हीकडे बरोबर येतं.

अनुवादक

दुरुस्त केलं. 'दशांश चिन्हापुढच्या सव्विसाव्या घरात १.'

सरांची 'घरं' मी आज वर्गात जशीच्या तशी नेली. चौकटीच्या वहीची पानं कापून एकापुढे एक चिकटवली, पंचवीस चौकटींत एकेक शून्य आणि सव्विसावीत १. त्याच मुलीने पट्टीवर बोट ठेवून म्हणायला सुरुवात केली: दशांश, शतांश, सहस्रांश, दशसहस्रांश, लक्षांश. कोट्यंशाशी वर्ग तिच्यासोबत म्हणू लागला. खर्वांश, निखर्वांश नवीन होते, ते मी सांगितले. परार्धांशाला बोट सतराव्या चौकटीवर होतं. ती म्हणाली, "बाई, नावं संपली." पुढे अजून नऊ घरं होती. तिने थोडा विचार केला, मग परार्धांशाच्या चौकटीपासून पुन्हा सुरुवात केली: त्याचा दशांश, त्याचा शतांश, त्याचा सहस्रांश. एकावर बोट पोचलं तेव्हा ती 'अब्जांश' म्हणत होती.

परार्धांशाचा अब्जांश. फलकावर घातांकाखाली तेही लिहिते आहे, तिच्या अक्षरात.