मदत हवी आहे: ओआरएस पाजताच मुलाला उलटी होते, काय करावे?

माझा मुलगा चौदा महिन्यांचा असून त्याचे वजन 9 किलो आहे. काल दुपारपासून त्याला पाण्यासारखे जुलाब होत आहेत. ताप नाही, शौचात रक्त नाही. डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक दिले आहे. परंतु वाटी ओठांना लावताच तो घटाघटा पितो आणि दोन मिनिटांत सारे उलटून टाकतो. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की, पोटाला जरा विश्रांती द्यावी. आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. पहाटे घाईत मी एक लिटरचे अख्खे पाकीट एका पेल्यात कालवले आणि चार-पाच चमचे पाजल्यावर चूक लक्षात आली. त्याने अपाय होईल का? जुलाब थांबले की झिंकही थांबवावे का?

उत्तर:

ताई, पाजणे थांबवू नका. तहानलेले मूल एका दमात पिते आणि ते पोटात ठरत नाही. उलटीनंतर 10 मिनिटे थांबा आणि मग वाटी बाजूला ठेवून चमच्याने, दर दोन-तीन मिनिटांना एक चमचा, असे पाजा. हे फार कमी वाटेल, पण 5 मिलिलिटरचा चमचा दर दोन मिनिटांनी दिला तर तासाभरात 150 मिलिलिटर पोटात जाते. या वयाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर द्यायचे असते. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणेही चालू ठेवा.

पाकिटातील साखर आणि मीठ जोडीने आतड्यात शोषले जातात व त्यांच्यामागून पाणी जाते. मिश्रण दाट झाले तर उलट आतड्यातच पाणी ओढले जाते आणि रक्तातील सोडियम वाढू शकते. तुम्ही दिलेले प्रमाण थोडे आहे, तरी डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. यापुढे पाणी मोजूनच घ्या आणि 24 तासांनंतर उरलेले ओतून द्या. झिंक मात्र जुलाब थांबले तरी सांगितलेले 10 ते 14 दिवस पूर्ण करा.

डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसू लागली, मूल सुस्तावले, त्याला पिता येईनासे झाले किंवा झटके आले, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. त्याने शेवटची लघवी केव्हा केली, हे कृपया लगेच कळवा.