पावसाची वार्षिक बेरीज तीच, मग अतिवृष्टी वाढली असं कशावरून म्हणायचं?

पर्जन्यमापी:
हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. जगाचा सरासरी पाऊस मात्र अंशामागे १ ते ३ टक्केच वाढतो, कारण वातावरण किती उष्णता बाहेर टाकू शकतं, याचा त्याला लगाम असतो. म्हणून बेरीज फारशी हलत नाही, पण पडतो तेव्हा झोडपतो. नोंदी पुरेशा आहेत अशा बहुतेक भूभागांवर १९५०च्या दशकापासून अतिवृष्टीची वारंवारिता आणि तीव्रता वाढली आहे, असं आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीचा, २०२१चा अहवाल सांगतो. वार्षिक सरासरी पुढे करून 'काही बदललेलं नाही' म्हणणं ही दिशाभूल आहे.

नभोवेध:
भौतिकी मान्य. भरवसा नाही तो नोंदींवर. हाती मापकातलं पाणी रोज सकाळी ठरल्या वेळी मोजतात. ती वेळ ओलांडून कोसळलेला पाऊस दोन तारखांत वाटला जातो. सलग २४ तासांचा खरा उच्चांक अशा नोंदीतल्या उच्चांकाच्या सरासरी १.१३ पट भरतो. तिथे स्वयंचलित यंत्र आलं, कुठलेही २४ तास धरले, की आलेख उडी मारतो. त्या उडीला हवामान बदल म्हणायचं?

पर्जन्यमापी:
व्याख्यांची सरमिसळ केली तरच. स्वयंचलित नोंदी त्याच सकाळच्या वेळेला तोडून पुन्हा बेरीज करा, उडी जाते. आणि यंत्राची दुसरी बाजू तुम्ही सोडलीत. त्यातली छोटी वाटी ०.२ मिमी पाऊस साठला की कलंडते, आणि किती वेळा कलंडली त्यावरून पाऊस मोजतात. ती कलंडत असताना वरून येणारी धार मोजली जात नाही. तासाला १०० मिमीच्या सरीत वाटी सतत कलंडते, त्यामुळे दुरुस्ती न केलेलं यंत्र नेमका मोठा पाऊस कमी दाखवतं. म्हणजे ही चूक तुमच्या शंकेच्या उलट दिशेला जाते.

अष्टमांश:
पावसाबाबत पर्जन्यमापींचं म्हणणं पटतं. ढगांबाबत तोच ठामपणा कुणी दाखवू नये. निरीक्षक आकाशाचे आठ भाग मानून किती झाकले ते लिहितो. क्षितिजाजवळ त्याला ढगांच्या बाजूही दिसतात, म्हणून आकडा थोडा फुगतो. लेसर यंत्र फक्त डोक्यावरचं पाहतं. दोन्ही नोंदी एका रेषेत जोडल्या की खोटी घट तयार होते. उपग्रहांचंही तेच. १९८३पासूनच्या जागतिक ढगनोंदीत दिसलेली घट बरीचशी उपग्रहांचा पाहण्याचा कोन बदलल्याने आली होती.

नभोवेध:
हेच पावसाला लावा. केंद्राची साठत जाणारी बेरीज शेजारच्या केंद्रांच्या बेरजेसमोर मांडायची आणि रेषेचा उतार कुठे मोडतो ते पाहायचं, ही नेहमीची तपासणी. पण सगळ्या शेजाऱ्यांची यंत्रं एकाच वर्षी बदलली, तर मोड दिसणारच नाही. जुना आणि नवा मापक किमान दोन पावसाळे शेजारी शेजारी चालवल्याशिवाय मी वाढीचा कल मान्य करणार नाही.

पर्जन्यमापी:
जुळी मोजणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण देशोदेशी यंत्रं वेगवेगळ्या वर्षी बदलली, शिवाय जिथे हाती मापक कधी हललाच नाही, अशी केंद्रंही आहेत. फक्त तीच वेगळी काढा, प्रत्येकाचा वर्षातला सर्वांत मोठा एकदिवसीय पाऊस घ्या आणि किती केंद्रांवर तो वाढतोय ते मोजा. वाढ यंत्रामुळे असेल, तर या गटात ती दिसता कामा नये.