मैत्रिणीला लिहिलेले पत्र आणि त्यातील शाईची रेखाटने : यांची सांगड कशी घालावी?

शाईवेडी, म्हापसा

सप्रेम नमस्कार. माझी शाळेपासूनची मैत्रीण लग्नानंतर नागपूरला स्थायिक झाली आहे, आणि फोनवर हवे तेव्हा बोलता येत असूनही आम्ही दोघी एकमेकींना हाताने पत्रे लिहितो. अलीकडे मी पत्रांत फाउंटन पेनने छोटी रेखाटने काढू लागले आहे : शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांच्या राशी मांडून बसलेल्या बायका, शेजारच्या जुन्या घराची, काचेऐवजी शिंपले बसवलेली खिडकी, अंगणातले तुळशी वृंदावन. तिला ती आवडतात. मला मात्र वाटत राहते की चित्र वेगळे पडते आणि पत्र वेगळे. आधी चित्र काढावे की आधी मजकूर लिहावा? शिवाय पाऊस सुरू झाल्यापासून त्याच कागदावर, त्याच पेनाची रेघ फुटू लागली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

टाक-दौत, मडगाव

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण रेघ फुटत असेल तर बाकीचा विचार करून उपयोग नाही. कागद तयार होताना त्याला खळ दिलेली असते आणि ती शाईला तंतूंत शिरू देत नाही. परंतु आपल्याकडच्या जून-जुलैच्या हवेत कागद ओलावा धरतो आणि शाई तंतूंच्या वाटेने बाजूला पसरते. म्हणून कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत आणि लिहायला बसताना लागतील तेवढेच बाहेर काढावेत. १०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला १०० ग्रॅम भरणारा) गुळगुळीत बाँड पेपर या कामाला उत्तम आहे. हातकागद दिसायला देखणा असला, तरी खळ कमी असलेला हातकागद शाई पिऊन टाकतो, तेव्हा कोपऱ्यावर एक रेघ ओढून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

शाईबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. चपडा लाख मिसळलेली काळी ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात कधीही भरू नये. ती सुकली की निबेखालची जीभ कायमची चोंदते. तिच्यासाठी साधा टाक वापरावा. पेनच वापरायचे असेल, तर खास फाउंटन पेनासाठी बनवलेली पिगमेंट (बारीक रंगकणांची) शाई मिळते, ती सुकल्यावर पाण्याने उतरत नाही. मात्र ते पेन पडून राहू देऊ नये आणि अधूनमधून धुवावे.

अंत्रुजकर, फोंडा

आपला पहिला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चित्र वेगळे पडते, कारण बहुधा मजकुरात जे सांगितले तेच चित्रात पुन्हा दाखवलेले असते. चित्रकार व्हॅन गॉगने ऑक्टोबर १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्लहून आपल्या भावाला, तेओला, लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या निजण्याच्या खोलीचे रेखाटन आहे. खाट, खुर्च्या, खिडकी यांची मांडणी रेघेने दाखवली आहे. पण भिंती फिकट जांभळ्या, फरशी तांबडी, खाट ताज्या लोण्यासारखी पिवळी, हे सारे शब्दांत आहे, कारण शाईला ते रंग दाखवता येत नव्हते. त्या पत्रातून चित्र काढून घेतले तर मजकूर लंगडा होतो आणि मजकूर काढून घेतला तर चित्र फिके पडते. हवे आहे ते हेच.

आपल्या शिंपल्यांच्या खिडकीचेच उदाहरण घ्या. प्रत्येक शिंपला रेखाटण्याच्या मागे लागू नये. लाकडी पट्ट्यांच्या बारीक चौकटी काढाव्यात, जिथे शिंपला निखळला आहे ती दोन-तीन घरे गच्च काळी भरावीत आणि बाकीची कोरी सोडावीत. कागदाचा पांढरेपणाच शिंपल्याचे काम करतो. त्यातून संध्याकाळी आत झिरपणारा दुधाळ उजेड, खिडकी उघडताना होणारी कुरकुर, त्या घरात आता कोण राहते, हे मात्र लिहावे, कारण तिथे रेघ हात टेकते.

क्रमाबद्दल माझे मत असे : घरी बसून लिहीत असाल, तर त्या वस्तूचा उल्लेख येईपर्यंत लिहावे, तिथेच थांबून चित्र काढावे आणि ते सुकल्यावर वाक्य पुढे न्यावे. बाजारातली माणसे समोर असतानाच काढावी लागतात. तिथे चित्र आधी काढावे आणि घरी परतल्यावर त्याच कागदावर त्याच्या भोवतीने लिहावे. पेन दोन्हींसाठी एकच ठेवावे, म्हणजे अक्षर आणि रेघ एकाच हातची वाटतात. आपल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या तरुणपणीच्या सचित्र डायऱ्या या दृष्टीने अवश्य पाहाव्यात.

पोस्टाची पेटी, पणजी

टपालाच्या अंगाने थोडी भर घालतो. ए-फोर कागदाची तिहेरी घडी घालत असाल, तर घड्यांच्या खुणा आधीच करून चित्र दोन घड्यांच्या मधल्या पट्ट्यात बसवावे. ऐन घडीवर आलेला चेहरा पत्र उघडताना विद्रूप होतो. १०० जीएसएमचा असा एक कागद सव्वासहा ग्रॅमच्या आसपास भरतो, त्यामुळे दोन कागद आणि हलके पाकीट मिळून साध्या पत्राच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात सहज बसतात. पत्ता बॉलपेनाने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहावा. आंतर्देशीय पत्र टाळावे : त्यात वेगळा कागद घालण्यास मनाई असते.

शाईवेडी, म्हापसा

सर्वांचे मनापासून आभार. खिडकीचे रेखाटन आपण सांगितले तसे पुन्हा काढते आहे. एकच शंका उरते : पाण्यात विरघळणारी साधी शाई वापरून, ओल्या कुंचल्याने सावली पसरवलेली या कागदाला चालेल का?

टाक-दौत, मडगाव

बाँड पेपर त्या ओलाव्याने लहरी धरेल आणि मागची बाजू लिहिण्याजोगी राहणार नाही. सावली हवीच असेल, तर जलरंगाच्या २०० जीएसएमच्या कागदाचा पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्यावा, त्यावर चित्र काढून पुढचा मजकूर त्याच्याच पाठीवर लिहावा आणि तो पत्रासोबत पाकिटात घालावा. बंद करण्यापूर्वी एक रात्र टीपकागदाच्या घडीत ठेवावा. पावसाळ्यात वरून सुकलेला दिसणारा कागद आतून ओलसर असतो.