ऑटिझममुळे नोकरी गेली, तक्रार नेमकी कोणाकडे करावी? मदत हवी आहे

सहावा_मजला:
माझी नोकरी नुकतीच गेली आणि ती ऑटिझममुळेच गेली, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तक्रार कोणत्या कार्यालयात करायची, एवढेच मला विचारायचे आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी 'तुम्ही कायद्याने कामगार नाही' असे सांगून कामगार न्यायालयाचा रस्ता बंद केला. माझ्या कामात एकही चूक दाखवलेली नाही. 'टीममध्ये मिसळत नाही, बोलताना नजर मिळवत नाही' असे मात्र अप्रेझलमध्ये स्वच्छ लिहिले आहे. मार्ग ठाऊक असलेल्यांनी कृपया लवकर उत्तर द्यावे. 'सकारात्मक राहा' हा सल्ला मला पुरेसा मिळालेला आहे.

रानजाई:
वाचून वाईट वाटले, परंतु एवढ्या माहितीवर कोणी काय सांगणार? नोकरी सरकारी होती की खाजगी? गाव कोणते? तुम्हाला काढले की तुमच्याकडून राजीनामा घेतला? आणि ऑटिझमची कंपनीला लेखी कल्पना दिलेली होती का?

सहावा_मजला:
खाजगी आयटी कंपनी, पुणे, सॉफ्टवेअर टेस्टिंग. निदान मोठेपणी झाले. मानसोपचारतज्ज्ञांचे पत्र मी एचआरला ईमेलने पाठवले होते. ठरलेल्या जागा रद्द करून रोज जिथे खुर्ची मिळेल तिथे बसण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा मी एक कायमची कोपऱ्यातली जागा, हेडफोन वापरण्याची मुभा आणि तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना, एवढेच मागितले. 'एकाला दिले तर सगळ्यांना द्यावे लागेल' असे उत्तर आले. पुढे एका मीटिंगमध्ये, राजीनामा दिला नाही तर अनुभवपत्रावर शेरा येईल असे बजावले गेले, आणि एचआरच्या बाई सांगत गेल्या त्या शब्दांत मी तिथेच, त्यांच्याच लॅपटॉपवर राजीनामा टाईप केला. माझा मूळ प्रश्न तसाच आहे.

अण्णा_सातारकर:
मी आयुष्यभर कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात काम केले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. राजीनाम्यावर 'वैयक्तिक कारण' असे असेल तर विषय संपला. मुळात कंपनीला हे सांगायलाच नको होते. वकिलांवर पैसे घालवण्यापेक्षा दुसरी नोकरी पाहा, आणि तिथे तोंड उघडू नका.

रानजाई:
अण्णा, क्षमा करा, पण हा सल्ला देणे फार सोपे आहे. माझा भाचा दिवसभर ऑफिसात 'इतरांसारखे' वागून घरी येतो आणि दिवे बंद करून तासभर कोणाशी बोलत नाही. न सांगता नोकरी टिकवण्याची किंमत माणूस अशी मोजत असतो. शिवाय यांनी सांगितले म्हणूनच आज यांच्या बाजूने काही कागद आहे.

शिकागोकर:
आमच्याकडे अमेरिकेत 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला अशा मागण्यांचा विचार करावाच लागतो. आपल्याकडे असे काहीच नाही, हे दुर्दैव.

कलमकसाई:
आपल्याकडे काहीच नाही, हे चूक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे आणि त्यातील 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. वाजवी सोय, म्हणजे तुम्ही मागितलेल्या जागा-हेडफोनसारखा कामातला बदल, नाकारणे हादेखील भेदभावच, असे या कायद्याची व्याख्या सांगते. कलम 21 प्रमाणे समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला, खाजगी असली तरी, जाहीर करून आयुक्तांकडे नोंदवावे लागते. नोकरीतील भेदभावाविषयीचे कलम 20 मात्र सरकारी आस्थापनांपुरते आहे, त्यामुळे तुमचा भर समानता आणि भेदभावबंदीच्या कलम 3 वर राहील. खाजगी कंपनीविरुद्ध ही बाजू दुबळी ठरू शकते, हेही आधीच सांगून ठेवतो. तक्रार करायची ती राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, आणि त्यांचे कार्यालय तुमच्या पुण्यातच आहे.

पैसाअडका:
धाग्यावर अजून कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो: दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास जुन्या करप्रणालीत 75,000 रुपयांची आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. फॉर्म सोळा सांभाळून ठेवा.

सहावा_मजला:
सध्या उत्पन्नच नाही, त्यामुळे वजावटीचा विचार नंतर करू. कलमकसाई, माझ्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र, नाही. दिव्यांगत्व चाळीस टक्के भरले नाही तर तक्रारच करता येत नाही, असे ऐकले. हे खरे आहे का?

कलमकसाई:
नाही. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, भेदभावापासूनच्या संरक्षणासाठी नाही. परीक्षेत लेखनिक मिळावा या मागणीवरून उभ्या राहिलेल्या विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हा फरक स्पष्ट केला. त्याच वर्षी डिसेंबरात रविंदर कुमार धारीवाल प्रकरणात, दिव्यांगत्व हे प्रतिकूल कारवाईमागचे एक कारण असले तरी पुरे, ते एकमेव कारण असण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. तो खटला केंद्रीय राखीव पोलीस दलातील मानसिक आजाराचा होता, पण तुमच्या अप्रेझलमधील 'नजर मिळवत नाही' हे वाक्य त्या निकालाशेजारी ठेवून पाहा. कार्डासाठी अर्ज मात्र आजच करा. प्रमाणपत्र हातात असले की निदानावरचा वाद तरी मिटतो.

अण्णा_सातारकर:
आणि मिळणार काय? पहिल्या उल्लंघनाला दंड जास्तीत जास्त दहा हजार रुपये. एवढी रक्कम कंपनी चहापाण्यावर खर्च करते. आयुक्त नुसती शिफारस करतात.

कलमकसाई:
दंडाचा आकडा तुमचा बरोबर आहे आणि तो लाजिरवाणा आहे. परंतु चौकशीच्या कामी साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयुक्तांना कलम 82 ने दिलेले आहेत. कंपनीच्या सर्व्हरवरचा 'एकाला दिले तर सगळ्यांना' हा ईमेल ज्याला आता उघडता येत नाही, त्याच्या दृष्टीने हे कलम दंडापेक्षा मोलाचे आहे.

सहावा_मजला:
माझे खाते त्याच संध्याकाळी बंद झाले. त्या ईमेलचा मोबाईलवर काढलेला फोटो आहे, तारखेसह. अप्रेझलची छापील प्रतही आहे. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द त्यांनीच घालायला लावले. त्याचे काय करावे?

कलमकसाई:
दबावाखाली घेतलेला राजीनामा हा स्वेच्छेचा राजीनामा नव्हे, पण तुम्ही गप्प बसून राहिलात तर तो स्वेच्छेचा दिसू लागतो. म्हणून आयुक्तांकडे जाण्याआधीच, मीटिंगची तारीख, हजर असलेल्यांची नावे आणि दिलेली धमकी नोंदवून राजीनामा मागे घेत असल्याचे पत्र स्पीड पोस्टाने आणि स्वतःच्या ईमेलवरून कंपनीला पाठवा, आणि त्याची प्रत तक्रारीला जोडा. कंपनीचे समान संधी धोरण नोंदलेले आहे का, हे माहितीच्या अधिकारात आयुक्त कार्यालयाला विचारा. नसेल तर तो तक्रारीतला स्वतंत्र मुद्दा होईल. कामगार न्यायालयाबद्दलही एक गोष्ट राहिली. पदाचे नाव काहीही असो, तुम्ही कायद्याने कामगार आहात की नाही, हे तुम्ही प्रत्यक्षात काय काम करत होता यावर ठरते. तुमच्या हाताखाली माणसे होती का, त्यांच्या रजा तुम्ही मंजूर करत होता का?

सहावा_मजला:
हाताखाली कोणी नव्हते. माझीच रजा मंजूर होत नसे.

रानजाई:
मग 'तुम्ही कामगार नाही' असे सांगणारे ते गृहस्थ कोण होते? कंपनीचेच तर नव्हते ना?